अप्पांचं अळणी ताट

हळ्ळीखेडच्या घरात त्या उन्हाळ्यात माझा जीव टांगणीला लागला होता. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय सुजले होते. येता-जाता मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. पडलेला खड्डा लवकर भरायचाच नाही. "आगं, पाय हाय का कणीक?" अप्पा वैतागायचे.

बिदरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बीपी जुना, त्यात गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या. मूत्रपिंडं रक्त गाळतात, ती गाळणीच खराब झालीय. मीठ-पाणी अंगातच साठतंय. त्या गोळ्या बंद, मीठ बंद, लोणचं-पापड बंद. नाहीतर उरलीसुरली गाळणीही जाईल.

गोळ्या मी उकिरड्यावर फेकल्या. मिठाचं मात्र काही केल्या जमेना. आमच्यात अळणी जेवतात ते सुतकात. पहिल्याच दिवशी अप्पांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "म्या जिता हाय अजून! सुतकाचं कामून वाढायलीस?"

माय घाबरली. दुसऱ्या दिवशी मी अप्पांचं वरण चाखलं, तर चांगलं खारट!

"माय, काय करायलीस? मारायलीस का त्यान्ला?"

"जित्या माणसाला सुतकाचं वाढू व्हय? माझ्यानं न्हाई होत!" ती रडायलाच लागली.

आता भांडावं तरी कुणाशी? मी नुसती आत-बाहेर करत राहिले. राग होता, पण भीती त्याहून मोठी होती. सूज मांड्यांपर्यंत चढली. मग एका सकाळी अप्पा आडवे झाले आणि त्यांना धाप लागली. श्वास घ्यायला उठून बसावं लागलं. मायनं ते पाहिलं. तिनं मिठाची बरणी उचलली आणि शेतात गेलेल्या शेजारच्या अक्काच्या घरी नेऊन ठेवली.

दुपारी आम्ही तिघंही अळणीच जेवायला बसलो. घशाखाली घास उतरेना. तेवढ्यात अक्का धावत आली. मीठच घराबाहेर काढलेलं बघून तिला दुसरं काय वाटणार? उंबऱ्यातूनच तिनं विचारलं, "अगं बाई, कोन गेलं?"

मायचा हात थांबला. मला अप्पांकडं बघवेना.

अप्पांनी तोंडातला घास कसाबसा गिळला. "कुनी न्हाई गेलं, अक्का," ते म्हणाले. "म्या जाऊ नये म्हनून या दोघी आधीच सुतक पाळायल्यात." आणि ताट मायपुढं धरलं.

"वाढ."