दाजींकडे दिलेली डीव्हीडी

घाईतल्या माणसाला निमूट बसायला लावणारा माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. विक्रोळीच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचा एका बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवलेला, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या उघड्या पोटावर रोखलेला. माणसं घाम पुसत बसतात. नात्यात कुणाचंही लग्न किंवा बारसं झालं की मोबाइलमधलं सगळं शूटिंग दाजींकडे येतं आणि गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्याची डीव्हीडी होते. कधी होते, हे मात्र विचारायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं. "दाजी, फाइल नुसती डिस्कवर टाकायची ना? पेन ड्राइव्हमध्ये तर पटकन जाते." दाजींनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की ताईनं मला न मागता पाणी आणून दिलं. "टाकायची नाही रे, नव्यानं बनवायची. समज, मोठ्या फ्लॅटमधला संसार तुला चाळीतल्या खोलीत लावायचाय. कपाट तसंच ढकलशील दारातून? एकेक वस्तू काढायची, कुठं बसेल बघायचं, घडी घालायची. इथं सेकंदाला पंचवीस चित्रं आहेत यार. हा बिचारा एकेक उचलून बसवतोय." हा बिचारा म्हणजे कॉम्प्युटर. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकत असते तोवर त्याला त्रास नको म्हणून घरात मिक्सर लावायला बंदी. ताई चटणी खलबत्त्यात कुटते आणि कुटताना जे काही बोलते ते दाजींना ऐकू येत नाही. लवकर व्हावं म्हणून शूटिंग कापायलाही ते तयार नसतात. स्टेजवर फोटोला आलेला शेवटचा पाहुणासुद्धा डीव्हीडीत असलाच पाहिजे.

बरं, डिस्क तयार झाली म्हणून हातात पडते असंही नाही. स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय दाजी ती घराबाहेर जाऊ देत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या घरभरणीची डिस्क त्यांनी अशीच पूर्ण पाहिली आणि देताना सांगितलं, "झकास झालीय. फक्त पंगतीत तुमचे सासरे दोनदा भाजी मागतायत, कुणी वाढली नाही. एकदा जेवायला बोलवा त्यांना." गृहस्थ चिडले, पण पुढच्या रविवारी सासरे जेवून गेले. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोक कुरकुरतात आणि पुढच्या लग्नाचं शूटिंगही त्यांच्याकडेच आणून देतात.

यंदा खुद्द दाजींच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न झालं. माझी आई लातूरकडे गावी माझ्या भावापाशी असते. अर्धं अंग लुळं पडल्यामुळे तिला नातीच्या लग्नाला येता आलं नाही. मोबाइल तिला धरवत नाही आणि त्यात दिसतही नाही. पलंगासमोर टीव्ही आणि खाली डीव्हीडी प्लेयर, एवढंच तिला जमतं. भावानं कानाशी धरलेल्या फोनवर रोज एकच विचारायची, "लगीन आलं का रं?" मी दाजींना विचारायचो आणि दाजी म्हणायचे, "होतंय." शेवटी माझं डोकं फिरलं. गावच्या गाडीचं तिकीट काढलं आणि दुपारीच बॅग घेऊन विक्रोळीला थडकलो.

आत शिरलो तर मिक्सर चालू होता. म्हणजे काम झालेलं होतं. दाजी स्क्रीनसमोर बसले होते आणि फॅन चक्क त्यांच्यावर होता.

"कधी झाली तयार?"

"परवाच."

"मग दिली का नाही? आई तिकडे वाट बघतेय."

"बघून व्हायचीय अजून."

"स्वतःच्या पोरीचं लग्न परत काय बघायचं? तुम्ही तिथंच होता ना?"

"होतो रे. बघितलं कुठं?" दाजी मान न वळवता म्हणाले. "बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा मी गेटवर वऱ्हाडाची बस लावून घेत होतो. हार घातले तेव्हा केटररशी पाण्यावरून भांडत होतो. पाठवणीला डिकीत बॅगा बसवत होतो." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. गाडीत बसण्याआधी भाची मान उंच करून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. "मला शोधतेय. आत्ता कळलं. इथवर येतो आणि परत मागं नेतो. पुढं बघवत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. ताईनं मिक्सर बंद केला आणि पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. आम्ही तिघांनी मिळून ती पाठवणी शेवटपर्यंत पाहिली. मग दाजींनी डिस्क काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

गावी आईनं सगळं लग्न पडूनच पाहिलं, पाहुण्यांची नावं घेत घेत. पाठवणी आली तेव्हा म्हणाली, "पोरगी कुणाला बघायलीय?"

"दाजींना. ते तिकडे बॅगा भरत होते."

आईनं मला पाठवणी परत मागं न्यायला लावली. मग म्हणाली, "तुज्या ताईच्या वक्ताला तुजा बा बी असाच भांडी मोजत बसला होता. लई दिवस मला इचारायचा, जाताना पोरगी रडली का म्हणून."