माळावरून दिलेली गोळी

घरून निघताना आईनं हातावर दही दिलं, तेव्हा मी मनातून वैतागलो होतो. खाली विंझरच्या रस्त्याला टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, विमानाला अजून अख्खा दिवस असला तरी माझा जीव वरखाली, आणि ही बाई वाटी घेऊन दारात. "हात कर," म्हणाली. "उजवा." मी दही चाटलं, ओला तळवा पॅन्टला पुसला आणि तिच्या पाया पडलो. आण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीत खांबाला टेकून बसले होते. त्यांच्याही पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावरून कुठंतरी लांब पाहिलं आणि म्हणाले, "जा." रस्त्यापर्यंत काही आले नाहीत. मला वाटलं, एकुलता एक पोरगा जर्मनीला चालला म्हणून रुसलेत. तो समज मी चार वर्षं सांभाळून ठेवला.

आमची वाडी विंझरच्या वर, वीस मिनिटांच्या चढावर. आमच्या चार घरांत मोबाईलला रेंज येत नाही. त्यासाठी आणखी वर, माळावरच्या एका खडकापर्यंत जावं लागतं. हे वाचणाऱ्यांपैकी जे डोंगरातच राहिलेत त्यांना असा खडक ठाऊक आहे, आणि जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांचाही असा एखादा खडक असणार. इकडं मी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. पहिल्या दोन वर्षांत भाषा शिकलो, सायकल घेतली, तीन जणांच्या फ्लॅटमधून स्वतःच्या एका खोलीत आलो. आईला वाटायचं माझं झक्कास चाललंय. मलाही तसंच वाटायचं, आणि नेमकं त्याच सुमारास सगळं बिघडत गेलं.

काय बिघडलं ते सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शिफ्ट संपली की कपडे न बदलता पलंगावर बसायचो आणि दोन तासांनी बघावं तर तिथंच. जेवण बेचव. लोक बोलायचे त्याचे शब्द कळायचे, पण उत्तर द्यायचा कंटाळा यायचा. आईचा रविवारचा फोन मी मुद्दाम चुकवायला लागलो. मग एका सकाळी सायकल काढताना मनात आलं, आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे. विचार इतका साधा वाटला की मी त्यालाच घाबरलो. सायकल तिथंच लावली आणि डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. कुणी तरी अर्धा तास माझं ऐकतंय, ह्याचंच मला रडू आलं. त्यांनी गोळी लिहून दिली. छोटी, पांढरी, मधोमध रेघ. पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण. त्या बरंच काही सांगत होत्या आणि मी मान डोलवत होतो, पण विचारलं मात्र काहीच नाही. कारण आमच्याकडं औषधाबद्दल विचारत नाहीत.

हे जरा सांगायला हवं. नऊ वर्षांचा असताना मला कावीळ झाली होती. वेल्ह्याच्या अलीकडं एका वस्तीवर दौलतमामा म्हणून म्हातारे झाडपाल्याचं औषध द्यायचे. त्यांचे नियम कडक. पहाटे अनशापोटी यायचं, त्यांच्या उजव्या हातातून आपल्या उजव्या हातात घ्यायचं, औषधाचं नाव विचारायचं नाही आणि दुखण्याचं नाव काढायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो. मी बरा झालो, आणि औषध कसं घ्यायचं असतं ते माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. डिप्लोमा केला, परदेशात आलो, तरी ते हललं नाही.

तर मी शहाण्यासारखा पहाटे उठून, खिडकीकडं तोंड करून, अनशापोटी गोळी घेतली. तासाभरात असं मळमळलं की ट्राममधून मधल्याच स्टॉपवर उतरलो. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते, तोंडाला कोरड, आणि जांभया अशा की सुपरवायझर विचारायला लागला. झोप तुकड्यातुकड्यांत यायची, आणि स्वप्नं इतकी ठसठशीत पडायची की जागा झाल्यावर पायाला चिखल लागलाय का ते बघायचो. पाचव्या दिवशी मी ठरवलं की हे औषध आपल्याला मानवत नाही. आमच्याकडं जे मानवत नाही ते सोडतात. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लोटला.

त्याच दिवशी रविवार होता, आणि आईनं खडकावरून व्हिडिओ कॉल लावला. चुकवायचंही त्राण नव्हतं म्हणून उचलला.

"डोळं खोल गेल्यात तुजं. काय झालंय?"

"औषध चालू केलं होतं. सोडलं."

"कशाचं औषध?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणालो, "मन लागत नाही, त्याचं."

मला वाटलं आता ती म्हणणार, मनाला कसलं औषध असतंय, देवाचं नाव घे, नाहीतर ये निघून. आईनं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, "नाव सांगू नगंस. गुण जातो." आणि लगेच, "कुणाच्या हातनं घेतोस?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्याच."

"मग कसा गुण येईल, संतू?" ती चिडलीच. "औषध काय आपल्याच हातानं घेत्यात व्हय? किती वाजता घ्यायची सांग."

मी जर्मनीचे सकाळचे सात सांगितले. म्हणजे तिचे साडेअकरा. भातकापणी तोंडावर होती, साडेअकरा म्हणजे ऐन कामाची वेळ, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. पडद्यावर आईचा उजवा तळहात. मधोमध विळ्याचा जुना वण, बोटांना माती. "घे," म्हणाली. मी ड्रॉवर उघडला, अर्धी गोळी काढली, पडद्याला टेकवून धरली आणि गिळली. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं, पण गोळी पोटात गेली होती.

आणि वीस मिनिटांनी तिच्यादेखत मला उलटी झाली. आई घाबरली नाही. तोंड धुऊन येईपर्यंत फोन धरून बसली होती. "डॉक्टरला इचार," म्हणाली. "दुखण्याचं नाव इचारू नगं, पर घ्यायची कशी ते तरी इचार."

मी फोन केला. डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "नाश्ता करून घेता ना?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी शांतपणे सगळं परत सांगितलं. खाऊन घ्या. त्रास आधी होतो, फायदा मागून, तीन-चार आठवड्यांनी. मनात वाईटसाईट आलं किंवा जास्तच अस्वस्थ वाटलं तर वाट न बघता फोन करायचा. आपल्या मनानं बंद करायचं नाही. ह्या वेळी मी लिहून घेतलं.

आईला सांगितलं, तर तिनं दौलतमामांचा नियम जागच्या जागी मोडला. "मग आदी खा. म्या बघते." त्या दिवसापासून माझा ब्रेड संपेपर्यंत ती खडकावर बसून राहायची. शेवटचा घास गेला की हात पुढं. एकदा म्हणाली, "रोज त्येच लाकडावानी काय खातूस?" तेवढंच. मळमळ आठवडाभरात ओसरली, थरथर त्याच्यानंतर. मनात मात्र काहीच हलत नव्हतं. रोज वाटायचं, उद्या आईला सांगू, नको येऊस. आणि रोज सातला फोन वाजायचा. गुडघेदुखीची बाई, कापणी टाकून, रोज तो चढ चढत होती, आणि तिला दुखण्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आजही ते आठवलं की मी हातातलं काम थांबवतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी आई हात पुढं करून बसलेली असताना मागून कुणाचा तरी बोकड आला आणि तिचा पदर चघळायला लागला. आईचं लक्ष नाही. मी हसलो. मोठ्यानं हसलो, आणि खोलीत कोण हसलं म्हणून मीच दचकलो. तेवढ्यात मला आईच्या मागं तोरणा दिसला. अख्खा, उन्हात, माचीसकट. तो पहिल्या दिवसापासून तिथंच होता. रोज फोनमध्ये येत होता आणि मला तळहाताच्या पलीकडं नुसतं राखाडी काहीतरी दिसायचं. मी तोरण्याकडं बघत राहिलो. एवढीशी गोळी, आणि तिनं मला डोंगर परत दिला. असं काही होत असेल ह्यावर माझा विश्वास नव्हता, आणि अजूनही पुरता बसलेला नाही. आई म्हणाली, "रडतूस कशाला? मेलं बोकडच हाय."

पुढच्या मे महिन्यात महिनाभराच्या सुट्टीवर घरी आलो. गोळी चालूच होती, डॉक्टरबाईंनी अजून काही महिने सांगितली होती. पहिल्या सकाळी नाचणीची भाकरी खाऊन ओसरीत बसलो. आईनं पाकिटातून गोळी काढली आणि खरोखरच्या तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरली. मी घेतली. खांबाला टेकून आण्णा बसले होते, चार वर्षांपूर्वी होते तिथंच, तसेच. लोक म्हणायचे म्हातारा शांत झाला. मीही तेच म्हणायचो. आता मी त्यांच्याकडं नीट पाहिलं, आणि मला माझा पलंग आठवला, बदलायचे राहिलेले कपडे आठवले.

आण्णा गोळीकडं बघत होते. म्हणाले, "कशाची रं?"

"मन लागत नव्हतं, आण्णा. त्याची."

"नाव काय दुखण्याचं?"

"आवं, नाव घेऊ नये," आई म्हणाली. मग थांबली. त्यांनी स्वतःहून काही विचारून किती वर्षं झाली असतील, हे तिच्याही ध्यानात आलं असावं. मला म्हणाली, "सांग त्यास्नी."

मी सांगितलं. डिप्रेशन. आण्णांनी तो शब्द एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. मग म्हणाले, "मला वाटलं, ह्याला नावच न्हाई."

माझं पाकीट शेजारीच होतं, पण आपली गोळी दुसऱ्याला देत नसतात, एवढं मी शिकलो होतो. त्यांचं त्यांनाच डॉक्टरला सांगावं लागणार होतं. मी विचारलं, पुण्याला येता का, उद्याच जाऊ.

लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणतोस, तिकडचं की इकडचं. तेव्हा मला दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. खाली विंझरला स्वारगेटची एसटी यायची होती. आण्णा धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. आई वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "हात करा." त्यांनी उजवा हात पुढं केला.