त्याले म्हणजे कोणाले?

"शेण काढायला गेली होतीस, की चोरून ऐकायला?"

अकोल्याच्या सेशन कोर्टात देशमुखाच्या वकिलानं मला हे विचारलं आणि सगळी खोली हसली. गोऱ्या साहेबाच्या बाजूला चार असेसर बसले होते, निकालाआधी आपलं मत सांगायला. चौघेही जमीनवाले. तेही हसले. शपथ देणारा कारकून माझ्यापासून लांब उभा राहिला होता. विटाळ नको म्हणून.

खून माझ्या भावाचा झाला होता. किसनचा. "मेलेली ढोरं आता आमी ओढणार नाही," एवढंच तो चावडीवर देशमुखाच्या तोंडावर बोलला होता.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी मी देशमुखाच्या गोठ्यात शेण भरत होते. कुडापलीकडे देशमुख त्याच्या दोन गड्यांना सांगत होता, "पातूरच्या बाजारातून येईन तो. नाल्यापाशी गाठा. त्याले घरी येऊ देऊ नका."

महादू सालदार तिथंच वैरण टाकत होता. त्यानंही ऐकलं.

मी पाटी टाकली. घरी पळाले. आई म्हणाली, किसन कवाचाच बाजारात गेला. तशीच वाटेनं धावले. नाल्यात तो पालथा पडला होता.

ठाण्यात गेले, तर जमादारानं पायरीवरूनच हाकललं. माझं म्हणणं लिहून घेतलं ते तिसऱ्या दिवशी. वकिलानं तेच धरलं. "तीन दिवस काय करत होतीस? गोष्ट रचत होतीस?"

गड्यांच्या धोतरावर रक्त होतं, कुऱ्हाड त्यांच्या घरात सापडली होती. देशमुखाच्या अंगावर रक्त कुठून येणार? त्यानं खून केला तो शब्दांनी. आणि ते शब्द होते माझ्या तोंडी.

"देशमुखांनी तुझ्या भावाचं नाव घेतलं?"

"नाही. त्याले म्हणाले."

"त्याले म्हणजे कोणाले?" त्यानं माझ्या बोलण्याची नक्कल केली. पुन्हा हसू. मग तो साहेबाकडे वळून सांगू लागला : देशमुखांनी त्याच दिवशी एक मारका बैल बाजारात विकायला पाठवला होता. असा बैल सुटून माघारी येतो. बोलणं त्या बैलाबद्दल होतं.

बैल.

मी कठडा घट्ट धरला. "बैल चावडीवर उलटून बोलत नाही, साहेब. माहा भाऊ बोलला. म्हून मेला."

"चूप!" पट्टेवाला ओरडला.

"नाही बसत चूप."

कुणी हसलं नाही. पण मला ते विचारलं नव्हतं, म्हणून ते लिहिलंही गेलं नाही.

माझ्यानंतर महादू. आईजवळ बसून तो म्हणाला होता, "समदं ऐकलं म्या." साक्षीच्या पिंजऱ्यात हात जोडून म्हणाला, "मी काई ऐकलं नाही, मायबाप."

गड्यांना फाशी झाली. देशमुखाचा कट शाबीत झाला नाही. कोर्टाच्या शिरस्तेदारानं मला मराठीत समजावलं : साक्ष एकटीची, तीही मयताच्या बहिणीची, तीही उशिरा दिलेली. संशयाचा फायदा आरोपीला.

देशमुख वाजतगाजत गावात आला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप : झालं गेलं विसर, गोठ्यात ये.

मी गेले. पाटी उचलायला नाही. ओसरीवर तो पान खात बसला होता. माणसं होती. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "तुमचं शेण तुमीच काढा. तुमी कोणाले मारायले सांगितलं, ते मी मरेपर्यंत सांगत राहीन."

तिथून महादूच्या दारात गेले. "काहून खोटं बोलला?"

"मले लेकरं हायेत, बाई."

"किसनलेही होते."

तो आत वळला. त्याची बायको मात्र चुलीपासून उठून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आता मी अकोल्यात सरकी काढायच्या जिनात कापूस निवडते. गावचं कुणी धमकी ऐकून माझ्याकडे आलं की मी रडू देत नाही. विचारते, आणखी कोणी ऐकलं? त्याला घेऊन चल. आजच. ठाण्यातून हाकललं तर पायरीवर बसू. नाव लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

देशमुख अजून जिता आहे. तो पुन्हा कुणाला तरी मारायला सांगेल. तेव्हा त्या पिंजऱ्यात मी एकटी नसेन.