मास्तरांच्या तोंडातली टाचणी

शिंपी तोंडात टाचण्या का धरतो, असं विचारलं तर कुणीही सांगेल, दोन्ही हात कामात असतात म्हणून. गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या मास्तरांच्या बायकोला मात्र खरं कारण ठाऊक होतं. बोलायचं नसलं की मास्तर टाचण्या तोंडात धरत. बाही आखूड झाल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक पायरी चढलं, की मास्तरांच्या ओठांवर टाचण्यांचं कुंपण उभं राही. आता भांडा कुणाशी भांडता ते!

हे कुंपण मोडलं ते लेकीने. ती नर्स, समुद्रापलीकडच्या एका बंदराच्या शहरात कामाला. साथीच्या पहिल्या बातम्या आल्या आणि तिचा फोनवरून हुकूम सुटला.

"बाबा, टाचण्या तोंडात धरणं आजपासून बंद. दहाजणांचे कपडे, दहाजणांचे हात, आणि तेच तोंडात!"

"अगं, मला मिसरूड फुटायच्या आधीपासून..."

"म्हणूनच सांगतेय. आईकडे द्या फोन, ती लक्ष ठेवील."

मास्तरांनी आयुष्यात बापाचं ऐकलं नव्हतं, बायकोचं ऐकल्यासारखं दाखवत आले होते. पण लेकीपुढे त्यांची मात्रा चालत नसे. त्यांनी मनगटाला टाचण्यांची उशी बांधली. मग माळ्यावरून लेकीच्या शाळेतला जगाचा नकाशा काढला, शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर टांगला, आणि रेडिओ ऐकत साथीचा माग काढायला बसले. रोग पोचला तिथे लाल डोक्याची टाचणी. ज्या देशाने दारं लावून घेतली, त्याच्या कडेने पांढरा धावदोरा. उतार पडला की लाल काढून हिरवी.

देशांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून सगळं जग त्यांनी कपड्यांत बसवलं.

"ही लांब बाही बघा, खांद्यापासून खाली उसवत चाललीय. या खिशाने वेळेवर तोंड शिवून घेतलं, म्हणून निभावला. आणि हा घेरदार झगा! एवढी माणसं, पण अजून साधा धावदोरा नाही. नंतर रफू करत बसतील."

लेकीचं शहर त्याच लांब बाहीच्या अगदी टोकाला, कफाचं बटण असतं तिथे. येणारेजाणारे पायरीवरूनच विचारत, "मास्तर, आज कुठवर आलं?" मास्तर गळ्यातली टेप काढून सगळ्यात जवळच्या लाल टाचणीपासून त्या बटणापर्यंत माप घेत. आधी वीतभर अंतर होतं. मग चार बोटं राहिलं.

"मास्तर, रोग काय टेप धरून चालतो?" समोरचा औषधवाला हसून म्हणाला. "विमानात बसला की झालं. तुमची टेप इथे, तो तिथे!"

म्हणणं मास्तरांना पटलं, पण टेप काही त्यांनी खाली ठेवली नाही. धास्तावलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी लागतंच.

त्यातच लेकीचा फोन येईनासा झाला. आठवडा उलटत आला. इकडून लावला तर उचलला जायचा नाही. "कामात असेल," असं दोघं एकमेकांना सांगत. नवीन कपडे कुणी शिवायला टाकत नव्हतं, म्हणून मास्तर मास्क बेतत होते, आणि अशाच एका दुपारी रेडिओवर त्या शहराचं नाव आलं.

बायको आतून चहा घेऊन आली.

"काय म्हणतोय रेडिओ?"

"हूं."

"हूं म्हणजे काय?"

"म्हूं."

तिने नकाशाकडे पाहिलं. बाहीचं टोक मोकळंच होतं. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांतून एकच टाचणी डोकावत होती.

"लाल आहे," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

चहावर साय धरली. दोघं फोनकडे बघत राहिली. उगाच हाताला चाळा म्हणून ती मास्कच्या पट्ट्यांच्या घड्या घालायला लागली, त्याही उलट्या बाजूने. फोन वाजला तशी तिने झडप घातली.

"मास्तरांना विचारा, माझी पँट झाली का?"

"झाली! म्हणजे नाही झाली! ठेवा आधी, फोन यायचाय आम्हाला!"

फोन पुन्हा वाजला, तो लेकीचा. बायकोने स्पीकर लावला.

"आई, वॉर्ड भरलाय. मी इथेच राहते, इथेच झोपते. फोन आत नेऊ देत नाहीत. बाबा कुठेत?"

"हू हही हाहेस हा?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा, तोंडात टाचणी आहे?"

"आहे!" आईने चहाडी केली. "लाल!"

"आधी काढा ती."

मास्तरांनी टाचणी काढली. "तू बरी आहेस ना?" त्यांनी स्वच्छ विचारलं.

"घसा दुखतोय थोडा. तपासायला दिलंय, उद्या कळेल. इथे सगळ्यांचाच दुखतो, ओरडून ओरडून."

आईने पदर तोंडाशी नेला. मास्तरांना बोलायचं खूप होतं, आणि आता तोंडात टाचणीही नव्हती.

"तो वरून घालायचा झगा," ते अखेर म्हणाले, "मापाचा आहे का?"

"कसला मापाचा! माझ्यासारख्या दोघी मावतील. बाह्या हातावरून पुढे लोंबतात."

"मग जादा कापड मनगटाशी चपटं दुमड आणि वरून चिकटपट्टी गुंडाळ. टाचणी लावू नकोस हां, हातमोजा फाटेल."

"बरं."

"आणि दुमड आतल्या बाजूला घे, बाहेर अडकते कशात तरी."

"बरं, बाबा. बोलावतायत, जाते." पुढचं "उद्या करते" अर्धंच ऐकू आलं.

मास्तरांनी टाचणी साबणाने धुतली, कापडाने पुसली. नकाशापुढे उभे राहिले, आणि टेप न लावता ती कफाच्या जागी टेकवून अंगठ्याने दाबू लागले.

"अहो, पार आत खुपसू नका," बायको म्हणाली. "उद्या काढायला सोपी पाहिजे."

त्यांनी ती अर्धी बाहेर ओढली. पंख्याच्या वाऱ्याने नकाशा हलला, तशी टाचणीही हलली. बायकोने उठून पंखा बंद केला.