समीक्षा या नावाचे मूळ मालक

भंडारा जिल्ह्यात जितक्या म्हणून समीक्षा आहेत, मग ती साकोलीला ब्यूटी पार्लर चालवणारी असो की लाखनीच्या अंगणवाडीत नाक पुसत बसलेली, त्या सगळ्यांचं नाव आमच्या मावसाजींनी ठेवलं आहे. हे मी म्हणत नाही, मावसाजी म्हणतात. त्यांच्या मते त्यांच्याआधी या मुलखात मुलींना नावं नव्हतीच, नुसत्या हाका होत्या.

या नावाचा उगम सरकारी आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मावसाजी तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई होते. एकदा हिंदी बोलणारे कोणी बडे साहेब आले, दारावरच्या फळ्यावर 'समीक्षा बैठक' असं लिहिलं गेलं, आणि मावसाजी चहा घेऊन आत गेले तर एरवी सगळ्यांवर ओरडणारे त्यांचे साहेब घाम पुसत उभे. त्याच आठवड्यात मावशीला मुलगी झाली. "ज्या शब्दानं आमच्या साहेबाले घाम फुटते, तो शब्द साधा नसते," असं म्हणत मावसाजींनी तो शब्द अर्थाची चौकशी न करता घरी आणला. पुढे कोणीतरी हिंदीत समीक्षा म्हणजे नुसता कामाचा आढावा, असा अर्थ सांगितला तेव्हा ते जरा हिरमुसले, पण लगेच सावरून म्हणाले, "अर्थ पाहून कोणी नाव ठेवते काय? वजन पाहून ठेवते."

मग हे नाव गाजरगवतासारखं पसरलं. टीव्हीवरच्या हिंदी मालिकांमुळे पसरलं असेल, नागपूरच्या वाऱ्यानं पसरलं असेल, पण मावसाजींना तसं सांगायची सोय नव्हती. एसटीत एखादी बाई आपल्या पोरीला "समीक्षे, हात आत घे" म्हणाली, की हे दोन सीट ओलांडून तिच्यापाशी जात आणि फळ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत. एकीनं "आमच्या नणंदेनं सुचवलं जी" असं सरळ उत्तर दिलं, तर रागानं मधल्याच फाट्यावर उतरले आणि पाच किलोमीटर चालत घरी आले. शाळेत एका वर्गात चार समीक्षा जमल्या आणि बाईंनी हजेरीसाठी त्यांना नंबर दिले, त्यात यांच्या मुलीला तिसरा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मावसाजी शाळेत. "बाकीच्या तीन माह्या पोरीच्या मागून आल्या. तिले एक नंबर द्या." बाईंनी समजावलं की नंबर आडनावावरून आहेत. मावसाजी म्हणाले, "मंग आडनाव चुकलं आमचं." पोरगी बिचारी दाराआड लाजेनं अर्धी झाली होती.

तीच समीक्षा पुढे नर्स झाली आणि लाखांदूरकडच्या एका मुलाशी तिचं जुळलं. जात-पात, पत्रिका, सगळं सुरळीत पार पडलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही मुलाकडे गेलो तेव्हा चहा आणणाऱ्या नवरदेवाच्या बहिणीला मावसाजींनी सवयीनं नाव विचारलं. ती म्हणाली, "समीक्षा." मावसाजींचा चेहरा असा खुलला की जणू अख्खा जिल्हाच यांनी वसवला. फळ्याची गोष्ट झाली, घाम झाला, वजन झालं. ती संपल्यावर नवरदेवाची आत्या शांतपणे म्हणाली, "मंग तर नवरीचं नाव बदलावंच लागन जी. एका घरात दोन समीक्षा कशा चालतीन? आमी गौरी पाहून ठेवलं." तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची रीत आमच्याकडे अजून आहे, हे मावसाजी आपल्या नादात विसरूनच गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "लगन मोडलं तरी चालन. अस्सल नाव खोडून नकलेचं ठेवतात काय?" आतल्या खोलीत समीक्षा रडत होती. तिला तो मुलगाही हवा होता आणि स्वतःचं नावही. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर, रुग्णांच्या तोंडी, सगळीकडे तेच होतं. मावशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "माह्यं नाव तुमी बदलवलं, तवा माह्या बापानं लगन नव्हतं मोडलं."

मावशीचं माहेरचं नाव धुरपता. ते मावसाजींना गावंढळ वाटलं, म्हणून लग्नात त्यांनी ताटात सुनंदा लिहिलं. माझी आई, म्हणजे तिची बहीण, तेवढी शेवटपर्यंत तिला "धुरपा" म्हणायची. आई गेल्यापासून त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावसाजी लाखांदूरला गेले. सोबत मी होतो, म्हणून सांगतो, त्यांनी फळ्याचा उल्लेखही केला नाही. हात जोडून इतकंच म्हणाले, "पोरीचं नाव तेवढं राहू द्या जी. तिले सवय हाये त्याची." आत्या फुगली, पण मांडवात नवरदेवानं ताटात स्वतःहून 'समीक्षा' लिहिलं. त्या घरात आता मोठी समीक्षा आणि लहान समीक्षा सुखानं नांदतात.

लग्नानंतर आठवड्यानं मी साकोलीला मावसाजींकडे गेलो. ते ओसरीत बसले होते, मावशी आत भाकऱ्या करत होती. माझ्याकडे न पाहता त्यांनी घसा खाकरून हाक मारली, "धुरपता." आतून उत्तर नाही. पुन्हा मारली, थोडी मोठ्यानं. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत राहिला. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, त्या क्षणी मात्र मला हसू आलं नाही. मग ते नेहमीसारखे म्हणाले, "सुनंदा." मावशी लगेच पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "कोणाले आवाज देऊन राहिले होते जी? शेजारी तं कोणी धुरपता नाही."

मावसाजी म्हणाले, "कोणाले नाही. पाणी आण थोडं."