आप्पांच्या मिशीचं इंटरनेट

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, मला माहेरी न्यायला बाबा धानोऱ्याहून कळसाडीला आले, आणि ओट्यावर टेकतात न टेकतात तोच माझ्या सासऱ्यांशी त्यांची जुंपली. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नोकरीत असताना हौसेनं घेतलेली डिजिटल डायरी मिरवायला काढली होती. तळहाताएवढी, बारीक काडीनं काचेवर लिहायची.

"इच्यावर इंटरनेट बी लागस," आप्पा म्हणाले.

"हाई डबडाले? लागाव नही!" बाबा खो खो हसले.

झालं! आप्पा तडकले. "दिन बुडाना पहिले नही लागनं ते मिशी काढी टाकसू!"

सूर्य बुडायच्या आत इंटरनेट, नाहीतर मिशी! आमच्याकडे घरातलं माणूस गेलं तरच मिशी उतरते. आप्पा बिनमिशीचे दिसले असते तर अख्खं गाव तोंड पाडून भेटायला आलं असतं. आणि घरात यातलं थोडंफार कळतं ते मलाच. म्हणजे मिशी माझ्या हातात!

मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. डायरीला तो दिसायचा, पण आजकालचा पासवर्ड काही पचेना. शेवटी वैतागून पासवर्डच काढून टाकला. आणि काय सांगू, जोडलं गेलं की हो! मी ओट्यावर उडीच मारली.

पण पान उघडेना. मान वर करून बघते तर सगळी गल्ली आमच्या ओट्याला चिकटलेली! फुकटच्या इंटरनेटचा वास लागतोच लोकांना. कुणी लग्नाचा व्हिडिओ बघतंय, कुणी क्रिकेट. बाबासुद्धा त्यातच! तिकडे सूर्य टेकायला आलेला. मला हसू की रडू, तेच कळेना.

बाबांनी एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा आप्पांच्या तोंडाकडे, आणि ताडकन उठले. "बंद करा रे सर्वा! मन्हा याहीनी मिशी जाई ऱ्हायनी!" व्याह्यांच्या मिशीपायी सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचाच मोबाईल बंद केला.

मागोमाग गल्लीतले मोबाईल पटापट बंद झाले. डायरीवर एक ओळ उमटली, मग दुसरी, मग हवामानाचं अख्खं पान.

"लागनं!" आप्पा ओरडले आणि त्या काडीनंच मिशीला पीळ भरला. शिट्ट्याच शिट्ट्या!

एसटीत मी बाबांना विचारलं, जिंकत होता, मग मोबाईल बंद का केलात?

"डबडं ते डबडंच शे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पन बेटा, आते ते घर तुन्हं शे. तुन्हा घरनी मिशी मी कशी उतरू देऊ?"