फ्रीव्हीलमधलं ग्रीस

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट लडाखमध्ये साडेसोळा हजार फुटांवर होती. आम्ही नऊ जण. कमांडर हवालदार नेगी, गढवालचे. नर्सिंग असिस्टंट आत्राम, आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनचा. मी दारव्ह्याचा, आठवीत शाळा सोडलेला. भरतीआधी तीन वर्षं सायकल दुकानात होतो, फौजेत कुक झालो.

०५०० ला चहा. ०७०० ला रेडिओवर बेसला रिपोर्ट. रेडिओची बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज व्हायची, नाहीतर जनरेटरवर. दोन्ही बंद पडलं तर पायानं फिरवायचा चार्जर होता: सीट, पेडल, चेन, फ्रीव्हील आणि मागे छोटा डायनामो. तो माझ्याकडे होता, कारण सायकल मला कळते असं मीच सांगून बसलो होतो.

फ्रीव्हीलसारखी वस्तू दुसरी नाही, असं मला आजही वाटतं. आत नखाएवढे दोन खटके असतात. दुकानात त्यांना कुत्रे म्हणतात. पुढे पेडल मारलं की ते दात धरतात, थांबलं की सोडून देतात. टिकटिक आवाज येतो तो त्यांचाच. अख्ख्या माणसाचं वजन त्या दोघांवर. सप्टेंबरमध्ये मी त्यात घट्ट ग्रीस ठासून भरलं. दारव्ह्याला दुकानात तसंच भरायचो. धूळ जात नाही, आवाज कमी होतो. काम चांगलं झालं म्हणून मी खूश होतो.

जानेवारीत तीन दिवस बर्फ पडलं. पॅनल पुरुषभर बर्फाखाली गाडले गेले, जनरेटर सुरू होईना. चौथ्या दिवशी आभाळ उघडलं. ०६१० ला आत्राम मेसमध्ये आला.

"नेगी उस्तादच्या छातीत पाणी झालं. थुंकीत गुलाबी फेस येऊन राह्यला. ऑक्सिजन दुपारलोक पुरंल. हेलिकॉप्टर पायजे."

रेडिओ मेलेला होता. मी चार्जरवर बसलो, पेडल मारलं. पाय हवेत गेल्यासारखा फिरला. परत मारलं. चेन फिरत होती, डायनामो जागचा हलत नव्हता. टिकटिकही नाही.

"काय बे दारव्हा, नुसताच फिरून राह्यला का?" आत्राम मला गावाच्या नावानंच हाक मारायचा.

मला लगेच कळलं. थंडीनं ग्रीस मेणासारखं गोठलं होतं आणि दोन्ही कुत्रे त्यात रुतून बसले होते. माझ्या हातानं रुतवलेले. आत्रामला खरं सांगितलं.

तो एवढंच म्हणाला, "मग काढ ना बाहीर. रडतं कायले?"

फ्रीव्हील काढलं. स्टोव्हच्या रॉकेलमध्ये बुडवून हलवलं, पिवळे गोळे बाहेर येईपर्यंत. पुसलं. रायफलचं पातळ तेल चार थेंब सोडलं. बोटानं उलटं फिरवलं. टिक. टिक. टिक. ०८२० झाले होते. दोन तास गेले होते.

त्या उंचीवर दोन मिनिटं पेडल मारलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. आम्ही पाळीपाळीनं मारलं. आडवे पडलेले नेगी आवाज ऐकत होते.

"चली तेरी साइकिल, कुक?"

"चली, उस्ताद."

०९४५ ला सेट लागला. "एक कॅज्युअल्टी, सीरियस, हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. तयार राहा. आउट."

११३० ला हेलिकॉप्टर उतरलं. नेगी वाचले. दोन महिन्यांनी ड्यूटीवर परत आले.

उशीर का झाला, हे पुढे विचारलं गेलं. मी तोंड उघडायच्या आत आत्राम म्हणाला, "सर, ठंड से जाम हुआ था. इसने खोल के ठीक किया." त्यात खोटं काही नव्हतं. ग्रीसचं तेवढं त्यानं गाळलं.

आता मी पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. पार्किंगमध्ये पोरांच्या सायकली बघतो. डिस्क ब्रेक, चेनच्या जागी रबरी पट्टा, एका बोटानं उचलावी अशी कार्बनची फ्रेम. करणाऱ्याच्या हाताला सलाम करावा असं काम आहे. पण कुणी माझ्यासमोर सायकल लावली की मी आधी पेडल उलटं फिरवून आवाज ऐकतो. ती सवय गेली नाही.

नेगी वाचले त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत आत्राम गेला. गस्तीवर असताना हिमकडा कोसळला.

मागच्या सुट्टीत मुकुटबनला त्याच्या घरी गेलो. त्याच्यासोबत फौजेत होतो, एवढंच सांगितलं. अंगणात त्याची जुनी काळी सायकल होती. दांडीचे ब्रेक, कॉटर पिनचे क्रँक, सगळं मूळचं. मी हात लावला तसे त्याचे बाबा बाटली घेऊन आले.

"बापू, करतं तर कर दुरुस्त. पण फ्रीव्हीलात ग्रीस नोको भरू, हे पातळ तेलच टाक. पोरगा फोनवर सांगून गेलता. म्हणे आमच्या पोस्टवर दारव्ह्याचा एक कुक आहे, त्याच्यावानी फ्रीव्हील कोणाले समजत नाही. त्यानं शिकवलं म्हणे."

मी बाटली घेतली. चार थेंब सोडले. पेडल उलटं फिरवलं. बाबा जवळ येऊन, मान वाकवून ऐकत राहिले.